बांबूची दांडी

तलासरीचा नाका मागे टाकून उधव्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक चिंच लागते. तिच्याखाली सुक्याचं सायकलचं दुकान. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रा, मागे कुडाची भिंत. पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि एक लाकडी पेटी. पाना ज्या खणातून काढला त्याच खणात तो परत जाई. डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच पाना हाताला लागावा, अशी ती पेटी होती.

सुक्या माझ्या वयाचा. तरुणपणी तो मसोलीला एका दुकानात पंक्चर काढायला शिकला, तेव्हा मी घोलवडला चिकूच्या पेट्या रेल्वेच्या डब्यात चढवत होतो. दुसऱ्याचं काम पाहताना मला बहुतेक वेळा राग येतो. सुक्याचं पाहताना आला नाही. बाकीचे लोक जुन्या ठिगळावर नवं ठिगळ मारतात. सुक्या जुनं खरवडून काढी, जागा घासून घेई, सोल्युशन लावी आणि मग स्वस्थ बसे. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणे, "वाळतंय. मी रिकामा दिसतो, ते दिसत नाही."

२०१४ च्या सुमारास आमच्या भागातल्या सायकली संपत आल्या होत्या. कंपनीत लागलेल्या प्रत्येक पोराच्या बुडाखाली मोटारसायकल आली. सायकलवर उरले दोन प्रकारचे लोक. एक, भारा वाहणारे म्हातारे बाप्ये. दुसऱ्या, शाळेत जाणाऱ्या मुली. मुलींना शाळेतून सायकली मिळत. लेडीज सायकल, गुलाबी नाहीतर जांभळी, पुढे टोपली, चेनच्या कव्हरवर फुलपाखरू. मुलगी शिकून बाहेर पडली की कोणी लग्न होऊन जाई, कोणी नर्सिंगला, कोणी जीपमध्ये बसून उंबरगावच्या कंपनीत. सायकल घरी राही. मग बाप ती ढकलत सुक्याकडे आणी. "बघ कोणी घेतली तर."

घेणार कोण? नवीन मुलींना नवीन मिळत होत्या. सुक्या नाही म्हणत नसे, त्यामुळे कुडाच्या भिंतीला गुलाबी सायकलींची रांग लागली. लांबून पाहणाऱ्याला तिथे बोगनवेल फुलल्यासारखी वाटे.

सुक्याने ठरवलं की या सायकली बाप्यांना विकायच्या. त्याचा हिशेब बरोबर होता. ज्याने सायकलवर भारा वाहिला आहे त्याला सांगायला नको, पण ज्याने वाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. कॅरियरवर गवताचा भारा डोक्याएवढा उंच असतो. मागून पाय टाकून बसता येत नाही. पाय पुढून घालावा लागतो, सीट आणि हँडलच्या मधून, दांडीवरून. म्हणजे गुडघा छातीला लावायचा, एका पायावर उभं राहायचं, आणि तेवढ्यात मागचा भारा सायकल पाडायला बघतो. वय झालं की सगळ्यात जास्त जोर तिथेच खर्च होतो, पायडल मारण्यात नाही. लेडीज सायकलला ही दांडी नसते. पाय सरळ आत जातो.

तेव्हा सुक्या गिऱ्हाइकाला सांगू लागला, "ही बायांची सायकल नाही. ही भाऱ्याची सायकल आहे."

लाकूडफाटा नेणारा लडक्या पहिला सापडला. त्याला सुक्याने सायकलजवळ आणून उभं केलं.

"बसून तर बघ."

"कशाला?"

"पाय किती सहज जातो ते बघ."

लडक्याने सायकलभोवती फेरी मारली, घंटी वाजवली, टायर दाबलं. "चांगली आहे. बायकोला विचारतो."

"तिला कशाला? चालवायची तुला आहे."

"मला? मला काय झालंय?"

सगळे असेच. सायकल चांगली आहे यावर कोणाचंही दुमत नव्हतं. तिच्यावर बसण्याइतकं वाईट आपलं काही झालेलं नाही, यावरही नव्हतं.

सुक्याने मग रंग काढला. ट्रॅक्टरचा हिरवा रंग कोणाकडे उरला होता, तो दोन हात मारला. टोपल्या काढून टाकल्या. हायवेवर ट्रकना रेडियमची चित्रं लावणाऱ्याकडून वाघ आणले आणि फुलपाखरांवर चिकटवले. फुलपाखरू मोठं होतं, वाघ लहान. वाघाच्या दोन्ही कानांमागून पंख दिसत. लोक येऊन वाघ बघून गेले. सायकल कोणी नेली नाही.

आता हाल्याची गोष्ट. हाल्या म्हणजे सुक्याच्या धाकट्या बहिणीचा, सोमीचा नवरा. गवत कापून तलासरीला प्रविणशेठच्या तबेल्यावर नेऊन टाकायचं, हे त्याचं काम. कापणं, बांधणं, वाहणं, तिन्ही तोच करी. त्याचा भारा मी पाहिलेला आहे. सैल काडी मिळायची नाही. त्या वर्षी ताडी काढताना तो ताडावरून पडला आणि खुब्यात मार बसला. हाड जुळलं, पण पाय गुडघ्याच्या वर उचलेना. सपाटीवर चालता येई, सायकलवर बसता येईना.

मग भारा सोमी डोक्यावर न्यायला लागली. डोक्यावर सायकलच्या अर्धाही भारा येत नाही. तबेल्यावर म्हशी तेवढ्याच. प्रविणशेठ भला माणूस, पण म्हशींना त्याचा भलेपणा खाता येत नव्हता. त्याने सांगितलं की पावसाळ्यापर्यंत बघतो, नाहीतर दुसरा माणूस लावतो. सोमी भावाकडे आली.

"दादा, काहीतरी कर. तो अंगणात बसून विळ्याला धार लावतो. सकाळीही लावतो, संध्याकाळीही लावतो. विळा संपत आला."

"सायकल तयार आहे," सुक्या म्हणाला. "तो बसत नाही."

"मी सांगितलं. म्हणतो, त्यापेक्षा मला लुगडंच नेसव."

सुक्याने हे वाक्य लक्षात ठेवलं.

होळी आली. आमच्याकडे होळीत सोंगं निघतात. बाप्ये बायकांची लुगडी नेसतात, बांगड्या भरतात, तोंडाला पावडर फासतात आणि रस्त्यावर गाड्या अडवून फाग, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. लडक्या दर वर्षी नवरी होतो. त्यात कोणाला लाज वाटत नाही. लाज वाटली तर लोक हसतात.

त्या वर्षी सोंगं सुक्याकडे सायकल मागायला आली. नवरी सायकलवरून येणार, अशी कल्पना. सुक्याने न रंगवलेली, सगळ्यात गुलाबी, टोपलीसकट दिली. अट एकच घातली. "नवरी हाल्यादाजी होणार. त्याला नाचता येत नाही, तर बसू दे तरी."

हाल्याला सोमीचं हिरवं लुगडं नेसवलं. बांगड्या त्याच्या मनगटात जाईनात, तर साबण लावून घातल्या. त्याने पाय सायकलमधून सरळ पलीकडे टाकला आणि बसला. मागून एकाने ढकलला. तो निघाला.

आधी सगळे हसले. मग ओरडले. हाल्या फाग मागायला थांबलाच नाही. अडवलेली जीप मागे राहिली, दोरी धरलेली माणसं मागे राहिली, आणि पदर उडवत तो चढ चढून पुलापलीकडे दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने परत आला. पावडर घामाने गळ्यापर्यंत उतरली होती.

"दाजी, खुबा काय म्हणतो?" सुक्याने विचारलं.

"कुठला खुबा?" हाल्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुक्या तीच सायकल घेऊन त्यांच्या अंगणात गेला. हाल्याने तोंड धुतलं होतं, पँट घातली होती.

"नको."

"काल तर पुलापर्यंत गेलास."

"काल होळी होती."

"पाय तोच आहे ना?"

"पाय तोच आहे. पण काल मी लुगड्यात होतो, म्हणून हसले. आज पँटीत बसलो तर काय म्हणून हसतील?"

सोमी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मग रोज लुगडं नेस. माझं जुनं आहे."

सुक्या हसला नाही. तो सायकलकडे बघत होता. हाल्याला सायकलचं काही वाटत नव्हतं. त्याला फक्त दांडी नसल्याचं वाटत होतं. दांडी दिसली की सायकल बाप्याची. तर दांडी दिसायला पाहिजे होती, असायला नको होती.

आणि मग सुक्याने ते केलं. इतकी बिनकामाची वस्तू इतक्या मेहनतीने केलेली मी आयुष्यात पाहिली नाही. वाळलेला बांबू घेतला. पेरांचे उंचवटे काचेने तासले. पहिला बांबू जाड झाला, टाकला. दुसरा मापात होता पण खडखडायचा, टाकला. तिसरा जमला. तो आतून पोकळ, टिचकी मारली की बोलायचा, म्हणून त्यात भुसा ठोकून भरला. होळीची गुलाबी तशीच ठेवून दुसरी एक सायकल काढली आणि दांडीला तिच्यासकट काळा रंग दिला. दोन्ही टोकांना स्प्रिंगचे चाप बसवले, त्यांना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. एका बाजूने सीटखाली, दुसऱ्या बाजूने हँडलखाली चाप बसला की दांडी खट् करून जागेवर. ओढली की हातात.

हे चालवायचं कसं, तेही त्याने शिकवलं. दांडी हँडलला उभी अडकवायची. पाय आत घालून बसायचं. एक पाय जमिनीवर टेकून दांडी खट् करून लावायची. मग निघायचं. उतरायच्या आधी थांबून दांडी काढायची. ती काहीही धरत नव्हती. तिच्यावर एक किलो साखरसुद्धा ठेवता आली नसती.

हाल्याने टिचकी मारून पाहिली. पुन्हा मारली. "आवाज बरा येतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भारा बांधून निघाला. तबेल्याच्या आधी एका आंब्याआड थांबून त्याने दांडी काढली, उतरला, पुन्हा लावली आणि सायकल ढकलत आत नेली. प्रविणशेठने पाहिलं.

"काय रे हाल्या, नवी सायकल? सरस छे."

"जुनीच आहे शेठ. दुरुस्त करून घेतली."

आणि हे खोटं नव्हतं.

हाल्या पुन्हा पहिल्यासारखा भारा वाहायला लागला. सोमीचं डोकं रिकामं झालं. पावसाळा आला, हिरवं गवत सुरू झालं, शेठने दुसऱ्या माणसाचं नाव काढलं नाही. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर सुक्या शहाणा ठरला असता.

पण माणूस म्हातारा एकटा होत नाही. ज्यांचे गुडघे गेले होते, कंबर धरली होती, त्यांनी हाल्याला चढावर सहज जाताना पाहिलं. लडक्या बाजाराचा दिवस टाळून भलत्याच वारी दुकानात आला.

"एक सायकल पाहिजे. बायकोसाठी."

"घे. ही गुलाबी घे."

"नको. काळी दे. आणि ते हाल्याच्या सायकलला आहे ते लाव."

"बायकोला दांडी कशाला?"

लडक्याने चिंचेकडे बघितलं. "तिला आवडते."

बायकोसाठी, बहिणीसाठी, घरात असावी म्हणून, असं करत करत बरीच माणसं आली. कोणीही स्वतःसाठी आलं नाही. कोणीही दांडीशिवाय नेली नाही. सुक्या प्रत्येकाला हळू आवाजात सांगे की अशी दांडी फक्त तुझ्याच सायकलला बसवतोय. प्रत्येकाला ते पटे. भिंतीजवळची बोगनवेल विरळ होत गेली. बांबू तासून तासून सुक्याच्या बोटांना कुसं लागलेली असत. मी त्याला म्हटलं, "एवढ्या मेहनतीत खरी लोखंडी दांडी झाली असती." तो म्हणाला, "खरी दांडी घेतात, मग पाय मागतात. पाय माझ्याकडे नाहीत."

दोनेक वर्षं असं चाललं. काळ्या सायकलींवरून म्हातारे बाप्ये ताठ बसून जात. उतरण्याआधी झाड शोधत. रस्त्याच्या कडेच्या झाडांना त्या काळात जितका मान मिळाला तितका नंतर मिळाला नाही. सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं. आपलं कोणाला माहीत नाही, असं प्रत्येकाला वाटत होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी तलासरीला गर्दीत एक खड्डा हाल्याच्या चाकाखाली आला. दांडीचा पुढचा चाप सुटला. दांडी खाली पडली, घरंगळत गेली आणि चिंचणीहून सुके बोंबील विकायला येणाऱ्या एका बाईच्या पाटीला जाऊन अडली. बाईने ती उचलली.

"कोणाची रे ही?"

आजूबाजूला काळ्या सायकली घेऊन बरीच माणसं उभी होती. प्रत्येकाने आधी आपल्या सायकलीकडे बघितलं. दोघांनी तर हाताने चाचपून बघितलं. हाल्याने खांद्यावरचा टॉवेल काढून दांडीच्या जागी टाकला आणि आभाळाकडे बघायला लागला.

"एवढे बाप्ये उभे आहेत," बाई म्हणाली, "आणि एकाचीही नाही?"

कोणी टायर दाबून बघितलं, कोणी घंटी पुसली.

"मग राहू दे माझ्याकडे. कुत्रं हाकायला बरी आहे." आणि तिने दांडी पाटीखाली सरकवली.

त्या दिवसापासून पोरांना नवा खेळ मिळाला. रस्त्याने जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या सायकलची दांडी ओढून बघायची. आली हातात की ओरडायचं. म्हातारेही कमी नव्हते. ताडीच्या बैठकीला आले की एकमेकांच्या सायकली हळूच तपासत. ज्याची दांडी निघाली त्याला बाय म्हणत. "ये लडक्याबाय, बस. फाग देऊ काय?" म्हणणाऱ्याचीही निघे. पण आधी म्हणाला तो सुटला, असा नियम पडला.

हायवेला मुकेशचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे करी. काम चांगलं होतं, तेही सांगितलं पाहिजे. त्याने ओळखलं की आता काय खपेल. दुकानाबाहेर एक सायकल टांगली. काळी लेडीज सायकल, वरून जाड लोखंडी पाइप वेल्डिंग करून बसवलेला. तिच्यावर तो स्वतः उभा राहून दाखवी. "ओढ," तो म्हणे. "दोघं मिळून ओढा."

माणसं रांगेने गेली. लेडीज सायकल घेतली होती दांडी नाही म्हणून. आता मेहनतीचे पैसे देऊन तिला न निघणारी दांडी लावून घेत होती. सुक्या चिंचेखाली बसून बघत होता. त्याच्याकडे येणारे आता बांबूची दांडी परत करायला येत. "तुझी तुला," म्हणत.

हाल्याही निघाला. सुक्याने त्याला रस्त्यात गाठलं.

"दाजी, पाय वर येईल काय?"

"येईल."

"आणून दाखव."

"इथे कशाला? सवयीने येईल."

"सवय खुब्याला लागत नाही."

"मेव्हण्या," हाल्या म्हणाला, "तू मला बांबू दिलास. बाजारात मी टॉवेल टाकून उभा होतो. तू नव्हतास."

सुक्याने वाट सोडली. हाल्याने दांडी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याने भारा बांधला, सायकल उभी केली आणि पाय उचलला. पाय गुडघ्यापर्यंत आला, पुढे आला नाही. सायकल कुंपणाला टेकवून बघितली. दगडावर चढून बघितली. दगडावरून पाय गेला, पण मग सायकल आडवी झाली आणि भारा अंगणात. सोमीने भारा पुन्हा बांधायला हात लावला. तो म्हणाला, "राहू दे." स्वतः बांधला, कॅरियरवर टाकला, हँडल धरलं आणि सायकल ढकलत चालायला लागला.

तलासरीपर्यंत तो चालत गेला. दुसऱ्या दिवशीही. रोज.

भरलेली सायकल ढकलणं काय असतं ते मला माहीत आहे. डोक्यावरचा भारा खाली दाबतो, तेवढंच. सायकलवरचा भारा बाजूला ओढतो. चढावर ढकलायचा, उतारावर मागे खेचायचा, आणि सगळा वेळ एका कुशीने तोलून धरायचा. वाईट खुब्याच्या माणसाला यापेक्षा वाईट काम शोधून मिळणार नाही. पण हाल्याला वाटेत माणसं भेटत, दांडीवर हात मारत आणि म्हणत, "मजबूत आहे." हाल्या म्हणे, "आहेच."

तो एकटा नव्हता. लडक्या ढकलत होता. आणखीही ढकलत होते. सकाळच्या वेळी उधव्याच्या रस्त्याने म्हाताऱ्या बाप्यांची ओळ चाललेली दिसे. प्रत्येकाच्या हाताखाली पक्क्या दांडीची सायकल, आणि तिच्यावर कोणीही बसलेलं नाही. नव्या माणसाला वाटलं असतं की सगळ्यांची चाकं एकदम पंक्चर झाली. सुक्याच्या दुकानावरूनच जावं लागे. ते मान खाली घालून जात, आणि तोही काही बोलत नसे. गिऱ्हाइकाला चिडवणं हे दुकानदाराचं काम नाही.

२०१८ ची दिवाळी झाली. भात कापून झालं होतं, गवत वाळायला लागलं होतं. एका सकाळी हाल्याला उठता आलं नाही. तो उठला, पण दुपारी. डहाणूला डॉक्टरला दाखवलं. खुबा आत घासला गेला होता. डॉक्टर म्हणाले, वजन ओढू नका, ढकलू नका. हाल्या म्हणाला, सायकल चालवू काय? डॉक्टर म्हणाले, चालवा की, चांगली. बसता आलं तर.

प्रविणशेठने निरोप पाठवला. हंगामाचं गवत भरायचं होतं. आठवड्यात जमत नसेल तर तसं सांगा.

सोमी सुक्याच्या दुकानात आली. भिंतीला एकच सायकल उरली होती. होळीची, टोपलीसकट, कोणी रंगवलीच नव्हती.

"ही उतर."

"दाजी बसणार?"

"मी बसणार."

सुक्या हातातली ट्यूब तशीच धरून राहिला. "तू? ही?"

"कोणाची सायकल आहे ही?"

"लेडीज."

"मग?"

सुक्याने मला पुढे सांगितलं की त्या वेळी त्याला घमेल्यात तोंड बुडवावंसं वाटलं. चार वर्षं त्याने रंग दिला, वाघ चिकटवले, बांबू तासले, खोटं बोलला. मागल्या रस्त्याने रोज बाया डोक्यावर भारे घेऊन जात होत्या. लाकडाचे, गवताचे, पाण्याचे. भिंतीला सायकली उभ्या होत्या. त्याने एकीलाही हाक मारली नव्हती. "सुचलंच नाही," म्हणाला. "बाया काय, भारा तर डोक्यावर नेतातच."

सोमी मोकळ्या झालेल्या भाताच्या खाचरात शिकली. पंचेचाळिशी उलटलेली बाई. पडली की बांधावरच्या बाया हसत. ती उठून भुसकट झटकी आणि पुन्हा बसे. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंतचं, चेनमध्ये अडकण्याचा प्रश्न नव्हता. सुक्या मागून सीट धरून धावायचा. वाकून धावणं या वयात सोपं नाही. तो धावला. चौथ्या दिवशी त्याने सोडलं आणि तिला सांगितलं नाही.

मग रिकामा कॅरियर, मग अर्धा भारा, मग पुरा. आठवडा संपायच्या आत तिने तबेल्यावर गवत टाकलं. प्रविणशेठने म्हशींकडे बघितलं आणि गवत तोलून घेतलं.

त्यानंतर बाया सुक्याकडे यायला लागल्या. सरळ येत, बाजाराच्या दिवशी, सगळ्यांसमोर. "सोमीसारखी दे," म्हणत. पण सुक्याकडे सायकल उरली नव्हती. होत्या त्या सगळ्या बाप्यांच्या घरी, पक्क्या दांडीच्या. तेव्हा बायांनी त्या घरातून काढल्या आणि दांडी कापायला मुकेशकडे नेल्या. मुकेशने लावायचे घेतले होते, कापायचेही घेतले. त्याने पाटीवर एक ओळ वाढवली. धंदा असा करावा, असं सुक्या म्हणतो. त्यात चीड नसते. तो खरंच शिकू बघतो.

राहिला हाल्या. गवत अजून तोच कापी, तोच बांधी. बसून करता येतं तेवढं सगळं करी. पण पहिले काही दिवस सोमी निघायच्या वेळी तो घरात जाऊन बसे. एकदा मी आणि सुक्या दोघेही अंगणात होतो. गवताचा भारा कॅरियरवर चढला होता. हाल्या बाहेर आला आणि सुक्याला बाजूला घेऊन म्हणाला,

"हिच्या सायकलला एक दांडी लाव."

"बांबूची?"

"बांबूची चालेल. लांबून दिसली म्हणजे झालं. लोकांना वाटेल, सायकल माझी आहे, ही फक्त घेऊन चाललीय."

सोमीने ऐकलं. ती हँडल धरून उभी होती. "लाव ना दादा," ती म्हणाली. "म्हणजे मी पण ढकलत नेईन. मग दोघांचे खुबे एकदम दाखवायला नेता येतील."

सायकल झुकायला लागली होती. तेवढा भारा मागे असला की बसणाऱ्याला चढताना तोल सांभाळता येत नाही, कोणीतरी धरावंच लागतं. इतके दिवस सोमी ती कुंपणाला टेकवून, पायाने दगड सरकवून कशीतरी चढत होती.

हाल्याने पुढे होऊन एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने भारा धरला. बऱ्या पायावर वजन घेतलं. "बस," म्हणाला.

तिने पाय आत टाकला आणि बसली. सायकल हलली नाही. त्याने ती नीट धरली होती.